एक तीन जास्त

"ओ मॅडम, जरा मागं सरकून बघता का? ओळ वाकडी तर न्हाई जाऊन राह्यली?"

शिडीवरून आवाज आला आणि सत्यशीला थबकली. जालन्याची एस.टी. तिला कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर उतरवून नुकतीच पुढं गेली होती. खांद्यावर पिशवी, केसांत धुरळा, पोटात भूक... आणि समोर समाजमंदिराची भिंत. भिंतीला ताजा चुना, शिडीवर एक सडपातळ तरुण, एका हातात ब्रश, दुसऱ्यात निळ्या रंगाचा डबा.

ती दोन पावलं मागं सरकली. वर पाहिलं आणि बघतच राहिली. भिंतीवर तिचंच नाव होतं! 'थोर गणितज्ञ कु. सत्यशीला भिवा खरात हिचे हार्दिक अभिनंदन.'

"ओळ सरळ आहे," ती म्हणाली, "पण ते 'थोर गणितज्ञ' तेवढं खोडा."

"का बरं? गावानं सांगितलंय तसं लिहून राह्यलो."

"ती अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. थोर कुठली?"

तो शिडीवरच वळला. "तुम्ही वळखता का तिला?"

"थोडीफार."

"कशी हाय हो? म्हंजे... जाड भिंगाचा चष्मा, तेल लावून चापून बसवलेले केस, अशीच असंल ना?"

"दिसायला बरी आहे," सत्यशीलानं ओठ दाबून हसू आवरलं, "पण शिष्ट आहे फार."

"असणारच! एवढाले आकडे डोक्यात घेऊन फिरायचं म्हंजे—"

"अगं शीला, आलीस व्हय!" पलीकडच्या ओट्यावरून कुणीतरी हाक मारली. शिडीवरच्या गड्याचा हातच लुळा पडला. ब्रश निसटला आणि निळ्या रंगाचा टपोरा ठिपका तिच्या पांढऱ्या ओढणीवर येऊन बसला. तिनं ओढणीकडं पाहिलं, त्यानं तिच्याकडं पाहिलं. शिडीवर उभं राहून माणसाला पळूनही जाता येत नाही हो!

हा अण्णासाहेब. नाव भारदस्त, वय चोवीस. भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा. ड्रॉइंग मास्तरचा कोर्स पास होऊन नोकरीची वाट बघणारा, आणि तोवर इकडं मावशीकडं राहून पाट्या रंगवणारा. सगळं गाव सत्यशीलाला 'ताई' म्हणायचं. हा पठ्ठ्या पहिल्या दिवसापासून 'मॅडम' म्हणत राहिला. का, ते आपण सुज्ञांनी ओळखावं.

आता भिंतीवर हिचं नाव का, ते सांगते. मूळ संख्या आपण शाळेत शिकलो आणि शाळेतच सोडून आलो. जिला एक आणि ती स्वतः सोडून कुणीच पुरतं भागत नाही, ती मूळ संख्या. सत्यशीलाला तिचं वेडच होतं. एकदा तिनं एकतीस लिहिले. मूळ. आधी एक तीन वाढवला, तीनशे एकतीस. तीही मूळ. तीन हजार तीनशे एकतीस... मूळच! पोरगी पेटली. तीन वाढवत गेली, भागत गेली. सात तीन आणि शेवटी एक, म्हणजे तीन कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस. ही एवढी मोठी संख्या मूळ आहे का हे बघायला तिनं उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घातली. पाच हजार सातशे त्र्याहत्तरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी, साडेसातशेच्या आसपास असतील, एकेकीनं भागून पाहिलं. आई म्हणायची, "पोरीला कोणी करणी केली का काय!" पण संख्या भागली नाही म्हणजे नाही.

इथवर सगळं बावनकशी खरं होतं. पण जालन्याच्या कॉलेजातल्या गणित मंडळात बोलायला उभी राहिली आणि समोरच्या टाळ्या ऐकून तिची जीभ एक पाऊल पुढं गेली. "कितीही तीन लिहा," ती ठणकावून म्हणाली, "शेवटी एक मांडा. मूळ संख्याच मिळणार!" सात वेळा खरं ठरलं, तर आठव्यांदा कशाला तपासायचं? तिला कप मिळाला. कप गावात आला. गावानं ठरवलं, रविवारी समाजमंदिरात सत्कार करायचा आणि संख्या भिंतीवर कायमची लिहायची. भिंतीचा गिलावा केला तिच्या वडिलांनीच. भिवा गवंडी. ती त्यांना दादा म्हणायची.

त्या दिवशी संख्या लिहून होईतो ती भिंतीखाली उभी राहिली. देखरेख म्हणून, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"तीन गोलसर काढता तुम्ही," ती म्हणाली.

"तुम्हाला कसे आवडतात?"

"गोलसरच."

एवढ्यावर दोघंही हसले. तो पुन्हा भिंतीकडं वळला आणि उगाच मागं वळून पाहू लागला... मग पुन्हा एक तीन.

संध्याकाळी दादा कामावरून आले. अंगावरचं सिमेंट न झटकताच भिंतीपुढं उभे राहिले. सहीपुरतं लिहिता येणारा माणूस, पण एकेका आकड्यावर असा हात फिरवत होते, जणू नातवंडाच्या पाठीवर फिरवतायत.

"वाच गं पोरी. मला पाठ करायचंय."

"तीन कोटी..." सत्यशीलानं सुरुवात केली आणि थांबली. पुन्हा मोजलं. तीन सात नव्हते, आठ होते!

अण्णासाहेबाचा चेहरा खाडकन उतरला. "अरे देवा... म्हंजे, आरे बापरे! एक तीन जास्त पडला. आत्ता पुसतो मॅडम, आत्ता—"

आणि इथं आमच्या शहाण्या पोरीनं माती खाल्ली. तो बिचारा कानकोंडा झालेला बघवेना, शिवाय मोठेपणा मिरवायची आयती संधी. ती ऐटीत म्हणाली, "राहू द्या हो. कितीही तीन लिहिले तरी ती मूळच. उलट आता आणखी मोठी झाली!"

"किती झाली?" दादांचे डोळे लकाकले.

"तेहेतीस कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस."

"तेहेतीस कोटी!" दादांनी दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा तोंडपाठ. "बिलकुल पुसायचं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार. दादांनी त्या दिवशी भाजी कमी आणली आणि संख्या जास्त वाटली. मिरचीवाली, चप्पल शिवणारा, बैलांचे साज विकणारा, कुणालाही सोडलं नाही. "तेहेतीस कोटी तेहेतीस लाख तेहेतीस हजार तीनशे एकतीस! माझ्या पोरीनं हुडकली. कोणाच्याच बापाला भागत न्हाई!"

सत्यशीला तेव्हा समाजमंदिराच्या ओट्यावर होती. अण्णासाहेब कडेची वेलबुट्टी काढत होता. काढत काय होता, लांबवत होता.

"मॅडम, एकदा भागून दावा की. भागत न्हाई म्हंजे कसं, ते मला डोळ्यानं बघू द्या."

"तुम्हाला समजेल?"

"न्हाई समजलं तरी बघत बसंन... तुमच्याकडं."

तिनं लटक्या रागानं खडू उचलला आणि फरशीवर संख्या मांडली. दोननं नाही, शेवटी एक आहे. तीननं, बाकी एक. पाच नाही. सातनं भागलं, बाकी उरली. अकरा, तेरा, तिथंही उरली. तो शिडीच्या खालच्या पायरीवर हनुवटीला हात लावून बसला होता आणि ती एकेक भागाकार मोठ्यानं म्हणत होती. खरं सांगायचं तर तिला फार छान वाटत होतं.

"आता सतरा. सतरा नव्वे त्रेपन्नासे, सतरा सक एकशे दोन..." खडू झरझर खाली उतरत गेला. "त्र्याहत्तरात चार वेळा, राहिले पाच. वरचा एक खाली आला, एक्कावन्न. सतरा त्रिक एक्कावन्न. बाकी—"

खडू थांबला.

बाकी शून्य!

तिच्या कानांतून वाफ निघाली.  तिनं वरपासून पुन्हा नजर फिरवली. चूक नव्हती. सतरा गुणिले एक कोटी शहाण्णव लाख सात हजार आठशे त्रेचाळीस. संख्या भाकरीसारखी सरळ मोडली होती.

"काय झालं मॅडम?"

आणि तिनं... तिनं ओढणीच्या टोकानं फरशी पुसली. निळा ठिपका पडलेल्या त्याच टोकानं. "काही नाही. बाकी दोन. पाहिलंत ना? नाही भागत."

त्याच्याकडं न बघता ती उठली आणि घराकडं चालू लागली. घर कसं आलं ते तिला कळलंच नाही.

लाज म्हणजे काय असते, हे तिला त्या दोन दिवसांत कळलं. साडेसातशे भागाकारांचा जिला कंटाळा आला नव्हता, तिनं पुढच्या संख्येला सतरापर्यंतसुद्धा भागून पाहिलं नव्हतं! पाच मिनिटांचं काम. तेवढं न करता भर सभेत छाती काढून बोलली, टाळ्या घेतल्या, कप घेतला. आणि त्यावर कळस म्हणजे खोटं बोलली. तेही कुणाशी? जो तिच्याकडं नुसता बघत बसला होता, त्याच्याशी. बाकी दोन! आठवलं की ती उशीत तोंड खुपसायची. आई कपाळाला हात लावून बघायची, ताप नाही ना म्हणून.

दादा तर उत्साहानं फुलले होते. रविवारचा सदरा थापी-ओळंब्याच्या पिशवीशेजारी नीट घडी घालून ठेवला होता. "आपल्या घरात आकडा म्हंजे काय व्हता पोरी? हजेरीवरचा अंगठा. आता बघ, भिंतीवर हाय!" ती "हं" म्हणायची आणि ताटातली भाकरी चिवडायची. आपल्या बापाला आपण बाजारभर खोटं बोलायला लावलं, हा विचार तिला जेवू द्यायचा नाही. 

शनिवारी सकाळी हापशावर ती पाणी भरत होती. अण्णासाहेब सायकल लावून समोर उभा राहिला आणि न विचारता हापसा मारू लागला.

"मॅडम, मी तो तीन पुसून टाकतो."

ती दचकली. "का?"

"उद्या लोकं इचारतील, तर म्हणंन, पेंटर येडा, एक तीन जास्त काढला. सात तिनांचं तर बराबर हाय ना?"

"ते बरोबर आहे. ते मी स्वतः..." तिचा आवाज अडखळला. "तुम्हाला... कळलं?"

"शून्य मला बी वळखू येतो, मॅडम." तो हापसा मारतच म्हणाला. "पाट्या रंगवताना सगळ्यात अवघड अक्षर तेच. बराबर गोल काढावं लागतं. तुम्ही मात्र लई घाईनं पुसलं."

घागर भरून वाहू लागली तरी तिला भान नव्हतं. त्याला माहीत होतं! दोन दिवस माहीत होतं, आणि गावात तो एका शब्दानं बोलला नव्हता. याच्यापेक्षा चारचौघांत हसला असता तर बरं, असं तिला झालं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," तो हळूच म्हणाला. "कोणाला काही कळायचं न्हाई. मी कशासाठी हाय?"

तिनं मान वर केली नाही. ओठांतल्या ओठांत एवढंच म्हणाली, "पुसा."

आणि तो सायकलवर टांग टाकून गेला, तेव्हा तिला स्वतःची पहिल्यापेक्षा दुप्पट लाज वाटली.

रविवारी समाजमंदिर माणसांनी फुललं. भिंतीवर सात तीन आणि एक. आठव्याच्या जागी ताज्या चुन्याचा डाग. अध्यक्षस्थानी रामराव गुरुजी होते, गावातल्या तीन पिढ्यांना पाढे शिकवून निवृत्त झालेले. कप टेबलावर. दादा पहिल्या रांगेत, कडक सदऱ्यात.

"दादा, संख्या म्हणून दाखवा!" कुणीतरी ओरडलं. दादा उठले, घसा खाकरला आणि खणखणीत सुरू झाले, "तेहेतीस कोटी—"

"थांबा भिवाजी," गुरुजींनी चष्म्यातून भिंतीकडं पाहिलं. "इथं तर तीन कोटी दिसून राह्यलेत. तेहेतीस कुठून आणले?"

सभा खसखसली. मागून एक टवाळ म्हणाला, "भिवानाना, तीस कोटी बाजारात सांडले का काय?" हशा उसळला. दादांनी भिंतीकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं, आणि तोंडातली संख्या तोंडातच ठेवून हळूच खाली बसले. भर उन्हात विटा वाहतानाही ताठ असणारी त्यांची मान वाकली होती.

"चूक माझी हाय गुरुजी," दाराशी उभा असलेला अण्णासाहेब पुढं झाला. "एक तीन मी जास्त काढला व्हता. काल पुसला."

"ड्रॉइंग मास्तर होणार म्हणे तू!" गुरुजी कडाडले. "पोरांना असंच शिकवशील? दोन दिवस अख्ख्या गावानं चुकीचा आकडा घोकला. गरीब माणसाचं हसं केलंस. काही लाज?"

"चुकलं गुरुजी," त्यानं मान खाली घातली. एकदाही तिच्याकडं पाहिलं नाही.

सत्यशीलानं दोघांकडं पाहिलं. एकीकडं बाप मान खाली घालून, दुसरीकडं हा. दोघंही तिच्याच लाजेचं ओझं उचलून उभे. आणि ती मात्र शाल पांघरून वर बसलेली! ती उठली. शाल काढून खुर्चीवर ठेवली.

"गुरुजी, त्यांना बोलू नका. त्यांची चूक लहान आहे, माझी मोठी आहे."



"आठ तीन मीच ठेवायला सांगितले. मी जालन्यात म्हणाले होते, कितीही तीन लिहा, मूळच राहते. ते... ते खोटं आहे. सात तिनांपर्यंत मी तपासलं, ते खरं आहे. पुढचं न तपासताच बोलले. ते तेहेतीस कोटीवालं सतरानं भागतं." तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळू लागलं, पण ती थांबली नाही. "बाजाराच्या दिवशीच मला कळलं. कळल्यावर मी खोटं बोलले. आणि माझं झाकायला त्यांनी स्वतःवर घेतलं. मला लाज वाटते गुरुजी. हा कप मी उद्या परत देते."

 धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटत होतं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दादा उठले. सावकाश, गुडघ्यावर हात देऊन.

"सतरानं जातं? पुरं?"

"पुरं जातं दादा. बाकी शून्य."

दादांनी क्षणभर विचार केला. मग म्हणाले, "मंग रडून कशाला राह्यली येडे? तेहेतीस कोटी तर आपण छप्पन सालीच सोडलेत!"

आधी गुरुजी हसले. मग सगळी सभा. बायका पदराआड, म्हातारे बोळक्या तोंडानं, मघाचा तो टवाळसुद्धा. गुरुजींना तर चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "सतराचा पाढा तुला मीच शिकवला ना गं?" ते म्हणाले. "आज वसूल झाला. कप राहू दे न राहू दे, सत्कार मात्र आत्ताच खरा होतोय." आणि शाल त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा तिच्या खांद्यावर घातली.

लोक पांगले. सतरंज्या गोळा झाल्या. उन्हं कलली तेव्हा अण्णासाहेब शिडी लावून उभा होता.

"डाग काढू का मॅडम? परत चुना मारून?"

"नाही. तिथं तो तीन परत काढा," ती म्हणाली. "आणि खाली लिहा, बरोबर, सतरा गुणिले... मी सांगते आकडे."

तो काढू लागला. ती भिंतीखाली त्याच जागी उभी राहिली. 

"एक विचारू?" शेवटी तीच म्हणाली. "तुम्ही मोजून काढत होता ना? मग हा एक जास्त पडला कसा?"

ब्रश थांबला. त्याचे कान मागून लाल झालेले तिला खालूनही दिसले.

"गोलसरच, असं म्हणून तुम्ही हसला व्हता ना..." तो भिंतीलाच सांगत होता, "तवा मी चौथा काढत होतो. का पाचवा? तिथंच मोजणी गेली. मंग मागं वळून बघायचो, आणि परत... आता शिडीवरून उडी मारू का?"

आता खाली बघायची पाळी तिची होती. चेहरा तसाच तापला होता, कानही तसेच. पण या वेळी तोंड लपवावंसं वाटत होतं आणि लपवावंसं वाटतही नव्हतं.

"मॅडम, मी आयुष्यभर असाच—"

"थांबा!" ती घाईनं म्हणाली. "आयुष्यभर-बियुष्यभर काही बोलायचं नाही. न तपासता मी आता कशालाच हो म्हणणार नाही."

"मंग तपासा की. कशानं भागून बघता?"

"कशाकशानं," ती म्हणाली आणि ओढणी तोंडाशी धरून पळाली. ओढणीवरचा निळा ठिपका तिनं धुतला नव्हता.

तपासणी वर्षभर चालली. तेवढ्या काळात तिनं जालन्याला जाऊन गणित मंडळात आपली चूक सांगितली, आणि सोबत नवं काही घेऊन गेली. त्या आठ तिनांत आणखी सोळा तीन घातले की संख्या पुन्हा सतरानं भागते, पुन्हा सोळा घातले की पुन्हा! या वेळी तपासून नव्हे, फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. अण्णासाहेबाला घनसावंगीच्या शाळेत नोकरी लागली. वैशाखात लग्न झालं, त्याच समाजमंदिरात. बायकांनी नाव घ्यायला अडवलं, तेव्हा नवरी म्हणाली,

"आठ तिनांपुढं एक मांडला, सतरानं दिला भाग,
अण्णासाहेबांचं नाव घेते, आता चुकीचा नाही राग."

दादा अजूनही बाजारात संख्या सांगतात. पूर्वी म्हणायचे, कोणाच्याच बापाला भागत नाही. आता म्हणतात, "सतरानं जाते! माझ्या पोरीनं सोता भागली, आन सोता सभेत सांगितली."

दरवर्षी भिंतीला नवा चुना लागतो आणि अण्णासाहेब शिडीवर चढून सगळे आकडे नव्यानं काढतो. सत्यशीला खाली उभी असते, देखरेख म्हणून. तीन काढता काढता तो थांबतो आणि मागं न वळता म्हणतो, "मॅडम, आत्ता हसू नका हां. मोजून राह्यलो."